गार्डन ईल बघायला पूर्वाचे बाबा आले

गेल्या रविवारी पूर्वाचे बाबा आमच्या सीवूड्सच्या घरी आले. सांगायला मासे बघायला, पण त्यांना बघायचं होतं मलाच... सेकंड इयरला कॉलेज सोडून महापेच्या ऑफिसांमधले फिश टँक साफ करणारा मुलगा लेकीने निवडलाय म्हटल्यावर कुठला बाप येणार नाही?

काका करावे गावचे, आयुष्यभर खाडीत मासेमारी केलेले. त्यांच्यावर इम्प्रेशन मारायला गोल्डफिश चालणार नव्हता. माझ्याकडे होते सहा गार्डन ईल... खाऱ्या पाण्यातले, दोरीसारखे बारीक, अंगभर काळे ठिपके. वाळूत बीळ करून राहतात आणि अर्धं अंग बाहेर काढून पाण्याच्या धारेत डोलतात.

डोलतात म्हणे! चार महिने पोरांसारखं सांभाळतोय यांना. मीठ मोजून पाणी बनवा, वीतभर वाळू टाका, दिवसातून तीनदा बारीक खाणं सोडा... आणि मी समोर आलो की सहाच्या सहा गायब! आई समोर बसून मेथी निवडते तेव्हा मात्र डोलणं चालू. मी माझेच मासे मोबाईलच्या रेकॉर्डिंगमध्ये बघतो. डोकं फिरणार नाही तर काय?

रविवारीही तेच. काकांनी वाकून बघितलं. "पानी हाय, वालू हाय... मासं कुठं हाय?"

मी खाणं सोडलं, पंप कमी केला, परत वाढवला, काचेला नाक लावलं. कोणी येईना. "अरे या ना बाहेर, नालायकांनो!" मी ओरडलोच. पूर्वाने कपाळाला हात लावला.

काका शांतपणे म्हणाले, "ज्याला भितान त्याला आत धाडा."

म्हणजे मला! माझ्याच घरात! वर आईचं, "जा, चहा टाक तोवर." बघायच्या कार्यक्रमातल्या मुलीसारखा मी किचनमध्ये चहा उकळत उभा...

ट्रे घेऊन निघालो तर पूर्वा दारातच आडवी आली. "एक आलाय बाहेर. हललास ना, तर बघ!" मग दोन, मग चार... ती बोटांनी आकडे दाखवत होती आणि मी ट्रे धरून पुतळा. चहावर साय धरली. वीस मिनिटं! इतका मी आजवर रिक्षासाठीही थांबलेलो नाही.

आणि मग काका स्वतःच किचनमध्ये आले... चवड्यांवर, चोरासारखे. ट्रेमधला कप उचलून माझ्या कानाशी कुजबुजले, "सगले भायेर हायेत. आवाज नको करूस." ओट्याला टेकून गार चहा प्यायले. आणि तसंच कुजबुजत विचारलं, "कालेज का सोडलंस?"

या प्रश्नावर मी घरातली दारं आपटलेली आहेत. माझं उत्तर पाठ आहे... सरांनी खुन्नस काढली, सगळी सिस्टीमच सडलेली वगैरे. पण ते उत्तर मोठ्या आवाजातच देता येतं. कुजबुजत देऊन बघा एकदा, स्वतःलाच पटत नाही.

मग जे झालं होतं तेच तोंडून निघालं. "सबमिशन वेळेवर दिलं नव्हतं, काका. सर बोलले म्हणून फाईल त्यांच्या टेबलावर फेकून निघून आलो. नंतर माफी मागायची लाज वाटली." हे मी पूर्वालाही कधी सांगितलं नव्हतं. ती दारातच उभी होती...

काकांनी कप खाली ठेवला. "आता मागशील?"

"हो."

"माग मंग. पोरीचं मागाहून बोलू."

सोमवारी कॉलेजला गेलो. सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर अर्धा तास उभं करून ऐकवलं. मी एक शब्द उलट बोललो नाही, फक्त मुठी खिशात ठेवल्या. परत ॲडमिशनचं म्हणाले, "बघू." पूर्वाच्या बाबांचंही अजून "बघू"च आहे. नुसता वैताग आहे सगळीकडे.

पण काका, तुम्ही फेसबुकवर नाही, तरी लिहितो... आजवर तो प्रश्न मला सगळ्यांनी ओरडून विचारला. तुम्ही हळू विचारलात. थँक यू.