शेवटच्या भागातला मराठी आवाज

या सदरातले अनुभव मी नियमित वाचतो, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. वाचायचे, हसायचं, बायकोला वाचून दाखवायचे आणि "यांना झोप कमी पडतेय" असं म्हणून फोन बाजूला ठेवायचा. माझा देवावरच जेमतेम विश्वास, मग बाकीच्यांची काय कथा! त्यामुळे स्वतःच असं काही लिहायला बसेन असं वाटलं नव्हतं. लिहितोय ते कुणाला घाबरवायला नाही. मनावर एक ओझं आहे आणि ते घरात कुणापुढे नीट उतरवता येत नाहीये... म्हणून. नावं बदलली आहेत.

मी बँकेत आहे. बायको स्मिता रेल्वेत इंजिनियर, त्यामुळे लखनऊला मानक नगरच्या कॉलनीत आमचं बिऱ्हाड. मला एकच नाद – जुन्या टीव्ही मालिका. त्यातही रहस्यमालिका. एकच चॅनेल होतं त्या काळातल्या. यातल्या कित्येक मालिकांचे भाग आज कुठेच नाहीत, कारण तेव्हा टेप महाग, त्याच टेपवर पुढचं काहीतरी रेकॉर्ड व्हायचं. मग आमच्यासारखे वेडे लोक कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत घरी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओ कॅसेट सापडतात का ते शोधत फिरतात. ऑनलाइन आमचा एक ग्रुपही आहे. आणि त्या ग्रुपला वर्षानुवर्षं हुलकावणी देणारी एक मालिका होती. नाव लिहीत नाही, जाणकार ओळखतील. डोंगरातला बंगला, एकामागून एक खून, आणि शेवटच्या भागात खुनी कळतो. बाकी सगळे भाग सापडलेले. फक्त शेवटचा नाही.

तो भाग आमच्याच गावात, तेलीबागेत, एका लोखंडी ट्रंकेत पडून होता.

इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत मालतीकाकू भेटायच्या. मूळच्या साताऱ्याकडच्या. नवरा सैन्यात कॅप्टन होता, छावणीत क्वार्टर होतं. लग्नाला तीन-चार वर्षं झालेली, मुलगी रांगती, आणि कॅप्टनसाहेब कानपूर रोडवर जीपच्या अपघातात गेले. काकू माहेरी परतल्या नाहीत. इथेच शाळेत नोकरी धरली, मुलीला – अनघाला – वाढवलं, छोटं घर बांधलं. आता निवृत्त. अनघा बंगळुरूला असते. मराठी समजतं तिला, पण बोलते हिंदीतच.

गेल्या गणपतीत जेवणाच्या पंगतीत मी माझं मालिका-पुराण लावलं होतं. काकू समोर बसलेल्या. वाढणाऱ्याला हातानेच थांबवून म्हणाल्या, "त्याचा शेवटचा भाग माझ्याकडे आहे बहुतेक."

माझा घास हातातच राहिला.

मग त्यांनी सांगितलं. धाकट्या दिराने दुबईहून व्हीसीआर आणला होता. साहेबांना ती मालिका फार आवडायची, दोघं पैजा लावून बघायचे. त्या दिवशी साहेब ड्युटीवर निघाले, रात्री यायला उशीर होईल म्हणून जाताना टायमर लावून गेले, परत आल्यावर दोघांनी मिळून बघायचं ठरलं. दुपारी अपघात झाला. काकू मुलीला घेऊन तशाच मिलिटरी हॉस्पिटलला धावल्या. घराला कुलूप. रात्री रिकाम्या घरात व्हीसीआर आपोआप सुरू झाला, भाग रेकॉर्ड झाला, आपोआप बंद झाला.

"क्वार्टर सोडताना मशीनमधून कॅसेट काढली अन् ट्रंकेत टाकली," काकू म्हणाल्या. "कधी लावलीच नाही. टाकवलीही नाही. तू बघ चालते का. पण एक कर हाँ नितीन, चालली तर आधी मला दाखव. मग जगाला दाखव."

"अर्थात काकू. हे काय सांगायला पाहिजे?"

हे माझे शब्द. ऐकणारे पंगतीत आणखी चार जण होते.

कॅसेटला आतून पांढरी बुरशी लागलेली. मी ती एका रविवारी सकाळी, सगळी काळजी घेऊन साफ केली आणि माझ्या जुन्या प्लेअरवर चालवून कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली. चित्र आलं! थोडं थरथरणारं, पण आलं. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या.

आवाजात मात्र घोळ होता. संवादांच्या मागे कुणीतरी बोलत होतं. पुरुषाचा आवाज, घोगरा, लांबून आल्यासारखा. हेडफोन लावला तेव्हा कळलं, मराठीत बोलतोय.

आता जाणकारांसाठी सांगतो, आणि इतरांनीही हे लक्षात घ्या – व्हीसीआर अँटेनाकडून आलेला आवाज रेकॉर्ड करतो. त्याला माईक नसतो. खोलीत तुम्ही ढोल वाजवलात तरी तो टेपवर येणार नाही. त्यामुळे मला वाटलं, टेपवर आधी दुसरं काही असेल, ते नीट पुसलं गेलं नसेल. मराठी नाटक वगैरे. पुढे विचारच केला नाही. माझ्या दृष्टीने तो कचरा होता, आणि मला माझा भाग चकाचक हवा होता.

तीन रविवार दुपारभर बसून मी तो आवाज काढला. हे काम कसं असतं – जे काढायचं ते पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं. त्यामुळे ती वाक्यं मला पाठ झाली. तीनच होती. सुरुवातीला, "चहा गार होतोय, माले. कुठं आहेस?" मध्ये एकदा हसू आणि, "त्याच्याकडं बघ, त्याच्याकडं." आणि अगदी शेवटी, खुनी समोर येतो त्या क्षणी – "मी म्हणलं नव्हतं? कंपाउंडरच!"

तुम्ही म्हणाल, अरे माणसा, इथे तरी तुझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. जुन्या नाटकातलं पात्र या मालिकेचा खुनी कसा ओळखेल? बरोबर आहे. मला फक्त मागचा आवाज दिसत होता... आणि ग्रुपमधली वाहवा.

काम झाल्यावर सॉफ्टवेअरने विचारलं, जुन्या फाइलवरच सेव्ह करू का? मी 'हो' केलं. टेप आहेच की, म्हटलं. मग चित्र आणखी बरं मिळतंय का बघायला टेप पुन्हा प्लेअरमध्ये घातली, आणि प्लेअरने ती खाल्ली. चुरगळली, तुटली. जोडली मी नंतर. पण आता तिच्यावर पट्टे आणि खरखर याशिवाय काही नाही.

त्याच संध्याकाळी मी भाग ग्रुपवर टाकला.

स्मिता भाजी निवडत होती. माझा फोन सारखा वाजतोय बघून म्हणाली, "काकूंना दाखवलास?"

"दाखवतो ना. या आठवड्यात जातो."

"आधी दाखवीन म्हणाला होतास."

"अगं त्यांना काय फरक पडतो यार, एक-दोन दिवसांनी?"

ती उठली. भाजी घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी बँकेतून लवकर निघून मी तेलीबागेत गेलो. लॅपटॉप टेबलावर ठेवला. काकूंनी साडी बदललेली होती, केस नीट बांधलेले. माझ्या मनाला ते तेव्हाच लागलं. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि पूर्ण भाग एकही शब्द न बोलता बघितला. शेवटी कंपाउंडर खुनी निघाला तेव्हा एकदम हसल्या.

"बघ! हे सारखे म्हणायचे, कंपाउंडर आहे, कंपाउंडर आहे. मी म्हणायची बंगलेवाली. हरले मी पैज." डोळे पुसून म्हणाल्या, "किती स्वच्छ आवाज आहे रे. इतक्या जुन्या टेपला?"

आणि मी – फुशारकीने – सांगितलं. "अहो काय मेहनत घेतली विचारू नका! मागे कुणीतरी मराठीत बडबडत होतं. तीन रविवार बसून सगळं साफ केलं."

"मराठीत?"

"हो ना. 'चहा गार होतोय, माले' वगैरे..."

वाक्य पुरं व्हायच्या आतच माझ्या लक्षात आलं. मालती. माले. इतके दिवस ते नाव माझ्या कानात होतं आणि मी ते या बाईशी जोडलं नव्हतं.

काकूंनी खुर्ची आणखी पुढे ओढली. म्हणाल्या, "अजून काय?"

मी बाकीची दोन वाक्यं सांगितली.

"म्हणलं? का म्हटलं?"

"म्हणलं."

"तेच. पुण्याच्या मित्रांनी किती चिडवलं तरी 'म्हणलं'च म्हणायचे." त्या लॅपटॉपकडे बघत राहिल्या. "पण नितीन... हा भाग लागला तेव्हा ते नव्हते रे. दुपारीच गेले. मी तिथे हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसले होते. घराला कुलूप होतं, किल्ली माझ्या मुठीत होती."

मी लॅपटॉप मिटायला लागलो.

"लाव ना तो आवाज," त्या म्हणाल्या. "काढलास तो कुठेतरी ठेवला असशील ना? माझ्याकडे त्यांचा आवाज नाही. फोटो आहेत, आवाज नाही. अनघाने तर कधी ऐकलाच नाही."

मी सांगितलं. फाइल गेली, टेप तुटली, सगळं. मला वाटलं त्या ओरडतील, निदान रडतील. मला ते चाललं असतं. पण त्या उठल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुला काय माहीत, बाळा." आणि चहा टाकायला आत गेल्या.

त्या हाताने मला जे झालं ते लिहिता येत नाही.

चहा घेऊन आल्या आणि मला विचारू लागल्या. आवाज कसा होता? थकलेला की नेहमीसारखा? हसले ते मोठ्याने की दबून? मी आठवून आठवून सांगत होतो. शेवटी त्यांनी विचारलं, "आणखी काहीच नाही? मुलीबद्दल काही?"

नव्हतं. तीनच वाक्यं होती, मी शपथेवर सांगतो. पण त्यांचा चेहरा असा होता की मला 'नाही' म्हणवेना. मी ठरवलं, एक वाक्य आपण द्यायचं. 'छोटीला जप' असं म्हणायचं माझ्या मनात होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "हो. 'ठमीला जप' म्हणाले."

मला स्वतःलाच कळेना हा शब्द कुठून आला. आमच्या घरात, नात्यात कुणी ठमी नाही. मी तो शब्द उभ्या आयुष्यात कधी उच्चारल्याचं आठवत नाही.

काकूंनी कप खाली ठेवला.

"ठमी," त्या म्हणाल्या. "फक्त ते म्हणायचे. गुटगुटीत होती ना, हट्टी. ते गेल्यावर मी हे नाव पुन्हा तोंडातून काढलं नाही. अनघालासुद्धा ठाऊक नाही." आणि मग त्या रडल्या, लहान पोरीसारख्या, आणि मी समोर बसून राहिलो. खोटं बोललेला माणूस. खोटंच ना? की...?

नंतर मी जे करता येईल ते केलं. टेप दोन जाणकारांकडे नेली. एकाने सांगितलं, शेजारच्या कुणाच्या वायरलेसचा आवाज घुसला असेल. दुसरा म्हणाला, तुमच्या मनाचे खेळ. ग्रुपवरून भाग काढून टाकला, पण तोवर तो हजार ठिकाणी गेला होता. आता तो जगात तसाच फिरतोय, स्वच्छ. मी कान लावतो तेव्हा त्या तीन जागा मला बरोबर कळतात, तिथे मागची हलकी खरखरही एकदम विझते. लोक खाली लिहितात, काय सुंदर काम केलंय.

दिवाळीला अनघा आली होती. काकूंनी तिला सगळं सांगितलेलं. ती आमच्या घरी आली, स्मिताने दिलेलं फराळाचं ताट तसंच ठेवून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "भैया, पापा जैसे बोले थे, वैसे ही बोलिए. मराठी में."

मी तिन्ही वाक्यं म्हटली. जमेल तसा आवाज घोगरा केला. ती डोळे मिटून ऐकत होती.

"और वो? मेरे वाला?"

स्मिता दारात उभी होती. तिला मी एकटीला खरं सांगितलंय. तिने मान खाली घातली.

टेपवर जे होतं ते मी पुसलं, आणि टेपवर नव्हतं ते मी सांगितलं. यातलं पहिलं पाप मला समजतं. दुसऱ्याचं काय करू हे समजत नाही, कारण तो शब्द माझा नव्हता. कुणाचा होता, माझ्या तोंडी कसा आला, याचा खुलासा माझ्याकडे आजही नाही. कुणाकडे असला तर कळवा. पण माझी समजूत काढू नका, तेवढी माझी लायकी नाही.

अनघा वाट बघत होती.

"ठमीला जप," मी म्हणालो.

"एक बार और, भैया."

मी पुन्हा म्हणालो.