मी विकलेला संघ

मावळात आजवर जे जे विकायला निघालं, त्या प्रत्येक गोष्टीला आडवा गेलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. आमच्याकडे डोंगराचा उतार विकला जातो, उतारावरून दिसणारा देखावा वेगळा विकला जातो, आणि पावसाळ्यात भुशीच्या धरणावर येणाऱ्या पाहुण्यांना तर ढगसुद्धा खोलीच्या भाड्यात धरून देतात. लोणावळ्याजवळच्या औंढे गावातली बरीचशी भातशेती आता बंगल्यांच्या कुंपणाआड गेली आहे. व्याहीबुवांची रस्त्यालगतची दोन खाचरं मात्र अजून तशीच आहेत. विचारायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते अगत्याने चहा पाजतात, बांधावरून फिरवून आणतात, आणि त्याने हात लांब करून ‘इथे पोर्च, इथे स्विमिंग पूल’ असं दाखवलं की शांतपणे सांगतात, “जागा झ्याक निवडली साहेब, पर तितं आमची पेनल्टी पडती.”

ही दोन खाचरं म्हणजे औंढ्याच्या फुटबॉल टीमचं मैदान. भात काढून झालं की मधला बांध फोडायचा, धसकटं उपटायची, फक्कीच्या रेघा मारायच्या, की मैदान तयार. पाऊस आला की पुन्हा बांध घालून लावणी. खेळाडू चिखलात वाकून रोपं लावतात तेव्हा आपण कुठे गोल खाल्ला होता ती जागा त्यांना बरोबर आठवते. अडचण एवढीच की वरचं खाचर खालच्यापेक्षा चांगलं वीतभर उंच आहे. मध्यरेषेवरून पुढे गेलेला खेळाडू एकदम बुटका होतो किंवा एकदम उंच. बाहेरून आलेल्या टीमने कुरकुर केली की व्याहीबुवांना मनापासून आश्चर्य वाटतं. “आरं पन हाफटाइमला तुमीच वर जानार की! देवानं सगळ्यांनाच चढउतार दिल्यात.”

स्वतः त्यांनी उभ्या आयुष्यात चेंडूला लाथ मारलेली नाही. तरुणपणी घाटावरच्या एका निवासी शाळेत ते माळीकाम करत. तिथला टाकून दिलेला एक चेंडू त्यांनी घरी आणला आणि तेव्हापासून हे वेड. पण चालताना चुकून चेंडूला पाय लागला तर अजूनही खाली वाकून त्याला हात लावतात आणि तो हात छातीला नेतात. लाथा मारण्यासाठीच केलेल्या वस्तूच्या पाया पडणारा माणूस दुसरा कुणी असेल असं मला वाटत नाही. चेंडूचा मुक्काम त्यांच्या घरी, भाताच्या कणगीत. “उंदीर लागत न्हाई आन् हवा बी टिकती,” असं त्याचं शास्त्र. ऑफसाइडचा नियम मला पुस्तकातून कधी कळला नाही, तो त्यांनी एका वाक्यात समजावला. “मालक वावरात नसताना त्याच्या घरापाशी घुटमळायचं न्हाई. मानसानं बी न्हाई आन् खेळाडूनं बी न्हाई.”

आमची सोयरीक जुळली तीही अशीच. माझी मुलगी बघायला ते आले, पोहे खाल्ले, आणि मुलाविषयी मी काही विचारण्याआधीच म्हणाले, “मास्तर, पोरगा गोलकीपर हाये. हातात आलेलं सोडत न्हाई.” याहून चांगली शिफारस मी आजवर ऐकलेली नाही. लग्नाच्या दोन तिथी सामन्यांमुळे त्यांनीच नाकारल्या. तिसऱ्या तिथीला लग्न लागलं. अंतरपाट दूर होताच नवरामुलाने हारासाठी दोन्ही हात असे काही पुढे केले की मांडवातून कुणीतरी ओरडलं, “धरला रं धरला!”

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं माझ्यामुळे घडलं. मी लोणावळ्यात शाळेत मराठी शिकवत असे. शुद्ध बोलण्याचा मला नाद होता. नाद कसला, रोगच. भाजीवालीला ‘कोथिंबिर’ नव्हे ‘कोथिंबीर’ लिही असं सांगून तिची पाटी पुसायला लावणारा माणूस मी. फुटबॉलला बरा मराठी शब्द मला सापडला नाही, पण ‘टीम’ हा शब्द मी औंढ्यात कधी खपवून घेतला नाही. “व्याहीबुवा, टीम नव्हे. संघ म्हणावं, संघ.” ते मान डोलवायचे आणि पुढच्याच वाक्यात टीम म्हणायचे. माझा व्याह्याचा मान राखावा म्हणून फक्त ते ‘टीम’ जरा हळू म्हणायचे.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. औंढ्याची टीम तालुक्याच्या स्पर्धेत पहिल्यांदाच फायनलला पोचली होती. फायनल रविवारी होती, तळेगावात. त्या आठवड्यात सोमवारी मी स्टेशनबाहेर चहा पीत उभा होतो. शेजारी दोन अनोळखी गृहस्थ बोलत होते.

“औंढ्याकडचा संघ इकला म्हनं.”

“कुनी घेतला?”

“पुन्याची पार्टी हाये. सगळं उचलून तळेगावला नेनार.”

“आन् पोरांचं?”

“चार-दोन घेतील, बाकीची बसतील घरी.”

माझा चहा तसाच राहिला. आता कुणीही विचारेल की एवढ्या वर्षांत तुम्हाला एवढंही कळू नये? मावळात कुणीही टीमला संघ म्हणत नाही. संघ म्हणजे दूध संघ. जिथे सकाळ-संध्याकाळ किटल्या घेऊन जातात तो. त्याला लहान मुलंही संघच म्हणतात. साऱ्या तालुक्यात फुटबॉलच्या टीमला संघ म्हणणारा माणूस एकच होता, आणि तो तिथे उभा राहून ऐकत होता.

मी तडक औंढे गाठलं. व्याहीबुवा मैदानात फक्की मारत होते. मी आवाज खाली आणून म्हणालो, “व्याहीबुवा, संघ विकला गेला.”

“व्हय का? मंग आता दूध कुटं घालायचं?”

इथे मला देवाने एक संधी दिली होती. मी ती चूक समजून दुरुस्त केली. “दुधाचा नव्हे हो. तुमचा. फुटबॉलचा. पुण्याची पार्टी आहे. सगळं तळेगावला नेणार. चार-दोन मुलं घेणार, बाकीची घरी.”

फक्कीचं घमेलं त्यांनी खाली ठेवलं. “कुनी इकली?”

मला माहीत नव्हतं. पण ‘मला माहीत नाही’ हे वाक्य शिक्षकाच्या तोंडून सहज निघत नाही. मी म्हणालो, “ते योग्य वेळी कळेलच.”

या एका वाक्याने गावात जे केलं ते निवडणुकीनेही कधी केलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत प्रत्येक जण प्रत्येकाकडे पाहू लागला. मंगळवारी व्याहीबुवांनी अकराही खेळाडूंना देवळात नेलं आणि एकेकाला बेलभंडारा उचलायला लावला की टीम मी विकली नाही. सगळ्यांनी उचलला. स्वतःच्या मुलालाही, म्हणजे आमच्या जावयाला, त्यांनी सोडलं नाही. बुधवारी ते तलाठ्याकडे गेले आणि टीमचा सातबारा मागितला. तलाठी म्हणाला, “आबा, टीमचा सातबारा नसतो.” व्याहीबुवा म्हणाले, “नावावर कुनाच्या न्हाई, तर मंग इकली कशी?” तलाठ्याने वही मिटली, याचा त्यांना फार आनंद झाला. पण विश्वास बसला नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत अशा कितीतरी जमिनी गेल्या होत्या, ज्यांच्या मालकांना कुंपण पडल्यावर कळलं. गुरुवारी त्यांनी गोलचे बांबू उपटून गोठ्यात आडवे टाकले, जर्सी ट्रंकेत घातल्या, आणि चेंडू कणगीत तळाशी पुरून वर पोतंभर भात ओतलं.

शनिवारी सकाळी माझं दूध उशिरा आलं. मी रतीबवाल्यावर डाफरलो. तो म्हणाला, “काय करू सर, संघ इकला न्हवं का. तळेगावला हलिवला. आता रोज असाच उशीर व्हायचा.”

स्टेशनबाहेर ऐकलेला संघ कुठला, ते मला पातेलं हातात असतानाच कळलं. फायनलला अजून एक दिवस होता. मी कपडे केले, उन्हाची छत्री घेतली, एस.टी.च्या थांब्यापर्यंत गेलो. गाडी आली. मी चढलो नाही. मुलगी त्या घरात दिलेली. उद्यापासून तिला ‘शुद्ध बोलणाऱ्याची लेक’ म्हणून ऐकावं लागेल, अशी कारणं मी स्वतःला दिली. खरं कारण एवढंच की ज्याने जन्मभर दुसऱ्यांचे शब्द लाल शाईने खोडले, त्याला स्वतःचा एक शब्द खोडवेना. दुसरी गाडी आली. तीही गेली. मी घरी आलो आणि छत्री खुंटीला लावली.

रविवारी मी औंढ्याला गेलो, पण बघ्यांमध्ये उभा राहिलो. टेम्पो तयार होता. व्याहीबुवा त्याच्यापुढे हात पसरून उभे होते, थेट गोलकीपरसारखे. पोरं विनवत होती.

“आबा, फायनल हाये! आसं काय करताय?”

“तळेगावला गेली की टीम परत यायची न्हाई. त्यास्नी म्हनावं, फायनल हितं येऊन खेळा. कप बी हितंच आना.”

जावई पुढे आला. “आबा, बाजूला व्हा. लोकं हसत्यात.”

“हसू दे. हसन्यानं टीम जात न्हाई, टेम्पोनं जाती.”

मी चार पावलांवर होतो. एक वाक्य पुरलं असतं. व्याहीबुवांचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मास्तरांना इचारा! शिकल्यालं मानूस हाये, खोटं बोलंल का?” सगळी पोरं माझ्याकडे वळली. मी मान खाली घातली. तिचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या परीने लावला.

कप समोरच्या टीमला न खेळताच मिळाला. जावयाला पुढच्याच महिन्यात कारखान्यात नोकरी लागली, पाळ्या सुरू झाल्या आणि त्याचं खेळणं सुटलं. ती फायनल त्याची शेवटची ठरली असती. तो बापाशी पुढची लावणी होईपर्यंत बोलला नाही. एकाच पंगतीत भाकरी वाढताना दोघांचे निरोप एकमेकांना पोचवायचं काम माझ्या मुलीकडे आलं. गावात अजूनही कुणी हातातोंडाशी आलेली गोष्ट घालवली की म्हणतात, ‘आबांचा टेम्पो केला.’ इतकी वर्षं हे मी ऐकत आलो आहे आणि प्रत्येक वेळी माझंच नाव पुकारल्यासारखा दचकतो.

यंदा भात निघाल्यावर मी गेलो. व्याहीबुवा आता थकले आहेत. फक्कीची रेघ नागमोडी जाते. मी दोरीचं टोक धरून बसलो, दुसरं टोक त्यांनी खुंटीला बांधलं. सध्याच्या टीमविषयी बोलताना मी म्हणालो, “टीम यंदा बरी दिसतेय.”

ते थांबले. “टीम न्हवं मास्तर. संघ म्हनावं, संघ.”

हे त्यांनी कधी उचललं मला ठाऊक नाही. दोरी हातात तशीच धरून मी सगळं सांगून टाकलं. चहाचा ठेला, दूध, छत्री, मान खाली घातलेली ती सकाळ.  शिव्या येतील याची मी वाट पाहत होतो. आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ते म्हणाले, “म्हंजी पुन्याची पार्टी आलीच न्हवती?”

“आली होती. दुधासाठी.”

“आमची टीम घ्यायला कुनीच न्हवतं आलं?”

“नाही.”

त्यांचा चेहरा असा काही पडला की मी चरकलो. माझ्या कानांवर कितीदा आलेल्या एका गोष्टीचा अर्थ मला तेव्हा कळला. बंगल्यासाठी जागा मागायला येणाऱ्या प्रत्येकाला चहाबरोबर ते सांगत आले होते की आमची टीम पुण्यानं मागितली होती, आम्ही दिली नाही. गाव हसत होतं तेव्हाही आतून ते ताठ उभे होते. फायनल गेली, लेकाचा अबोला सोसला, त्यावर एवढंच त्यांच्या हाती उरलं होतं, आणि मी माझं ओझं उतरवण्यासाठी तेही काढून घेतलं होतं.

“व्याहीबुवा, पोरांना खरं काय ते कळायला हवं,” मी कसंबसं म्हणालो. “जावईबापूंना तरी. चूक माझी होती हे मी लिहून काढणार आहे. तुमची हरकत असेल तर नाही लिहीत.”

त्यांनी घमेल्यात हात घातला, मूठभर फक्की घेतली आणि वाकडी गेलेली रेघ तशीच वाकडी पुढे ओढत नेली. मध्यरेषेशी, जिथे एक खाचर संपतं आणि वीतभर खाली दुसरं सुरू होतं, तिथे सावकाश खाली उतरले. मग वळून म्हणाले, “लिवा की. खरं हाये तर लिवा. पर शेवटाला येक ओळ माजी घाला.”

“कुठली?”

त्यांनी ती दोनदा म्हणून दाखवली, आणि मी तशीच लिहितो आहे, एकही शब्द शुद्ध न करता:

“आमचा संघ कुनी मागितला न्हाई ह्ये खरं. पर मागितला आसता, तरी आमी दिला नसता.”