बेटावरची अगम्य भाषा

आता काय सांगू तुम्हाला! भूगोलाचा मास्तर म्हणून आमच्या नाशिकच्या कॉलनीत माझं जे काही नाव होतं, ते मी एका संध्याकाळी स्वतःच्या हातानं बुडवलं.

निवृत्त झालो आणि अंदमानातल्या एका चिमुकल्या बेटावर चार दिवस राहून आलो. चार दिवस! पण कॉलनीच्या हॉलमध्ये पडदा लावून असा बोलत होतो, जणू त्या बेटाचा सातबारा माझ्याच नावावर! प्रवाळ झालं, खारफुटी झाली, खाडीकाठी ऊन खात पडलेली मगर झाली. (ती मी फक्त धोक्याच्या पाटीवर पाहिली होती, पण हे कशाला सांगू?)

मग लावला हुकमी फोटो. उन्हानं रापलेला, लुंगीतला उघडा माणूस, हातात कोयता आणि शहाळं. त्याच्या खांद्यावर हात टाकून मी.

"हा तिथला मूळ रहिवासी," मी ठोकून दिलं. "बाहेरचं जग ठाऊक नाही. भाषा तर अगम्य! मला म्हणतो कसा, 'कथाईन उनात भो?'"

हेल काढून म्हटलं. हॉल हसला. म्हणून पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा तर नाचून!

मागून मंदाताई उठल्या. कॉलनीतलं पाळणाघर चालवतात, माहेर सटाण्याचं.

"सर, ही अहिराणी आहे. 'कुठून आलात भाऊ,' असं विचारतोय तो."

"छे हो! तिथं कुठली अहिराणी?"

"तो माझा भाऊ शे, सर."

मंदाताई खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आल्या.

"भांडून गेला घरातून. नऊ वर्षं झाली. फोन नाही, पत्ता नाही. आई रोज विचारते. बरा आहे ना तो? अजून काय म्हणाला?"

अजून काही म्हणू दिलंच कुठं मी त्याला? बायकोशी चाललेलं माझं मराठी कानावर पडलं, म्हणून तो आपुलकीनं पुढे आला असणार. आणि मी? "गुड, व्हेरी गुड!" म्हणून त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा कोंबला, फोटो काढला आणि निघालो. नावसुद्धा विचारलं नाही!

बेटाचं नाव कागदावर लिहून दिलं. म्हटलं, "फोटोही पाठवतो. आईंना दाखवा."

मंदाताई पडद्याजवळ गेल्या. भावाच्या गालावर बोटं टेकवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"पाठवा सर. पण यातून तुम्हाला काढून टाकता येईल का?"