शेवटचा फर्मा

माझी आत्या बाइंडर. छापून आलेल्या पानांच्या घड्या, म्हणजे फर्मे, क्रमाने लावायचे, दाभणाने भोकं पाडून शिवायचे आणि खळ लावून पुठ्ठा चढवायचा, हे तिचं जन्मभराचं काम. जीभही दाभणाच्याच जातीची. नवऱ्याने टाकल्यावर ती आमच्याकडे आली आणि आल्या आल्या सगळ्या घराला सरळ केलं.

पुढे माझ्या नवऱ्यानेही मला टाकलं. मी माहेरी मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवण नको, माणसं नकोत, सकाळ तर नकोच नको. आई रडायची, बाबा समजूत घालायचे. मला दोघांचाही वैताग यायचा. आत्याने उशाशी एक कादंबरी आपटली. "नुसती लोळू नकोस. वाच."

कादंबरी जुनी, नावाजलेली; मी सोडून सगळ्यांनी वाचलेली. नायिका नवऱ्याने टाकलेलीच. आधी तिचा रागच आला. किती रडते ही बया! मग ती घर सोडून निघाली, नदीकाठी आली, पाय धुतले. पान संपलं आणि गोष्टही संपली. आता ही जाणार कुठे? हिला काम कोण देणार? त्या काळजीने मी उठून बसले. तिच्यासाठी मनातल्या मनात कामं शोधता शोधता मीच चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागले. त्या बाईचे उपकार मी कधी विसरले नाही. सख्ख्या बहिणीवर करावी तशी माया केली तिच्यावर.

परवा एक आजी नवा चष्मा लावून बघताना स्वतःजवळचं पुस्तक मोठ्याने वाचू लागल्या. तीच कादंबरी, शेवटची पानं. नायिका पाण्यात उतरली आणि बुडाली. दुकान सुटल्यावर तडक आत्याकडे गेले.

"आत्या, ती मरते!"

"हो."

"माझ्या पुस्तकात शेवटचा फर्माच नाही."

"राहिला असेल शिवायचा." ती दोऱ्याला मेण लावत राहिली.

"तुझ्याकडून? राहिला?"

तिने दोरा खाली ठेवला. "मला कोणीतरी अख्खं पुस्तक दिलं होतं. वाचलं आणि नदीवर गेले."

मी तिचा हात घट्ट धरला. "मग?"

"मग काय! पाण्याला काय घाण वास मारत होता. आले परत. पण तुझ्या वेळी नदी स्वच्छ असती तर?"

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडले. इतकी वर्षं आभार भलत्याच बाईचे मानत होते. आत्या मात्र पुठ्ठा ओला होईल म्हणून ओरडत होती.