बास्केटबॉलचा धुरा

आमच्या गावच्या शाळेचं बास्केटबॉलचं मैदान आखायचं काम माझ्याकडे आलं, कारण पन्नास मीटरचा टेप अख्ख्या गावात फक्त माझ्याकडे होता.

टेप मी घेतला होता थोरल्या भावाच्या धुऱ्यासाठी. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. खामगाव तालुक्यातला माणूस एक वेळ स्वतःच्या लग्नाचं साल विसरेल, पण धुरा कुठे होता आणि पेरणीनंतर कुठे सरकला हे विसरणार नाही. दिगंबरदादाचा ट्रॅक्टर दरवर्षी माझ्या बाजूला थोडा थोडा सरकत होता. आधी मी माझ्या टेपने मोजलं, मग सरकारी मोजणी लावली. माझं माप तंतोतंत बरोबर निघालं! हातभर जमीन परत मिळाली. इतकी वर्षं दोघांची समजत होतो ती विहीर मात्र दादाच्या हद्दीत निघाली, आणि दादाही गेला. (गेला म्हणजे समोरच्याच गल्लीत राहतो, पण माझ्याशी बोलायचं असलं तर माझ्या मुलीमार्फत बोलतो.)

ही मुलगी म्हणजे प्रांजली. बारावीत आहे, शाळेच्या बास्केटबॉल टीमची कप्तान आहे. शाळेत सिमेंटचं नवं मैदान झालं आणि यंदाचे तालुक्याचे सामने आमच्याच गावात घ्यायचे ठरले. जिंकणारी टीम जिल्ह्याला, म्हणजे बुलडाण्याला जाणार. प्रांजलीचं शाळेतलं हे शेवटचं वर्ष. तिच्या आईने आधीच सांगून ठेवलं होतं, "बुलडाण्याले गेली तं खेळ पुढं. नाई गेली तं बॉल माळ्यावर, अन् नर्सिंगच्या परीक्षेचं पुस्तक हातात."

म्हणजे पणाला काय लागलं होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. मला तर जास्तच. म्हणूनच मी ठरवलं की मैदानात एका सुताचाही फरक राहता कामा नये.

सुरुवात बास्केटच्या रिंगणापासून केली. रिंगण जमिनीपासून तीन मीटर पाच सेंटीमीटर उंच हवं. मोजलं तर बरोब्बर तीन मीटर!

"पाच सेंटीमीटर कमी आहे," मी वेल्डरला म्हणालो.

"भाऊ, पाच सेंटीमीटरनं काय आभाळ पडते का?"

"पडते!"

दोन्ही खांब त्याला पुन्हा कापून जोडायला लावले. तो माझ्या नावाने काय बोलला ते मी ऐकलं नाही. मशीन चालू असताना बोलला.

मग रेघा. क्रीडाशिक्षक वानखडे सरांनी मोबाईलवर नकाशा दाखवला. मैदान अठ्ठावीस मीटर लांब, पंधरा मीटर रुंद. रेघ पाच सेंटीमीटर जाडीची. आता मला सांगा, जिला जाडी आहे ती रेघ धरायची कुठे? पंधरा मीटरच्या आत की बाहेर? हा प्रश्न विचारणारा सरांच्या नोकरीतला मी पहिलाच माणूस असणार.

"कडेची रेघ मैदानात धरत नाहीत," सर म्हणाले. "आतल्या काठापासून आत अठ्ठावीस बाय पंधरा साफ मिळालं पाहिजे. रेघेवर पाय पडला की खेळाडू मैदानाबाहेर."

"म्हणजे धुरा शेताच्या बाहेर!"

"हो, तसंच," असं म्हणून सर तासाला निघून गेले.

या "तसंच" शब्दाने माझा घात केला.

मी दोन सुतळ्या ताणून, मधे पाच सेंटीमीटरची पट्टी ठेवून, ऑइलपेंटने सगळ्या रेघा काढल्या. पेंट सर्वांत भारी, दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे दहा वर्षं न उडणारा. (चुना मारा, असं सर म्हणत होते. मी म्हणालो, काम एकदाच करायचं आणि पक्कं करायचं!) सर्वांत देखणी झाली ती तीन गुणांची अर्धगोल रेघ. रिंगणाच्या बरोबर खाली खिळा, खिळ्याला सहा मीटर पंच्याहत्तर सेंटीमीटरची दोरी, आणि दोरी संपते तिथून बाहेर पाच सेंटीमीटर रेघ. धुरा शेताच्या बाहेर.

रेघा वाळल्यावर एका रात्री जेवताना बायकोने विचारलं, "एकाच बास्केटले कधी दोन, कधी तीन, असं कसं हो?"

"गोल रेघेच्या आतून टाकला तर दोन, बाहेरून टाकला तर तीन. आणि रेघेवर पाय असला तरी दोनच."

"म्हणजे दूरच्याले जास्त भाव, जवळच्याले कमी. तुमच्याच घराण्यानं काढला वाटते हा खेळ!"

प्रांजली मात्र हसली नाही. ती दुपारीच त्या मैदानावर खेळून आली होती.

"बाबा, ती गोल रेघ मले जराशी लांब वाटून राह्यली."

"वाटण्याला माप नसतं."

"खामगावच्या मैदानावर मी रेघेच्या मागून टाकते, बरोब्बर जाते. अठी त्याच जागेवर उभी राह्यली का पाय रेघेवर येते."

"मग खामगावची रेघ चुकली असेल!"

 मी भाकरी मोडली.

शेवटचा सामना नेमका खामगावच्याच टीमशी आला. कागद चोख ठेवतो म्हणून सरांनी मला गुण लिहायच्या टेबलावर बसवलं. माझ्या समोरच तो माझा अर्धगोल! मागे बायको, आणि तिच्या पलीकडे, पुतणीसाठी आलेला दिगंबरदादा. त्याने माझ्याकडे न बघता हवेला सांगितलं, "मैदान झ्याक आखलं म्हणा."

सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या दहा मिनिटांत प्रांजलीचे चार फाऊल झालेले. पाचवा झाला की खेळाडू बाहेर, म्हणून तिची आई प्रत्येक शिट्टीला "माह्या पोरीनं काईच नाई केलं!" असं ओरडत होती. (शिट्टी बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणासाठी असायची.) शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा आम्ही दोन गुणांनी मागे. बॉल प्रांजलीच्या हातात. ती अर्धगोलापाशी थांबली, उडाली, आणि वेळ संपायच्या आत बॉल हातातून सुटला. रिंगणाला न शिवता सरळ जाळीत!

सगळं गाव मैदानात! दादाने टोपी उडवली. तीन गुण, म्हणजे एकाने जिंकलो, म्हणजे बुलडाणा!

खामगावचे सर ओरडले, "पाय रेघेवर होता!"

पंचांच्या आणि प्रांजलीच्या मधे नेमकी दुसरी मुलगी आली होती. त्यांनी दुसऱ्या पंचाकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. मग ते टेबलाकडे आले आणि मला म्हणाले, "तुम्ही अगदी समोर होता. पाय कुठे होता?"

 प्रांजली माझ्याकडे बघत होती. बायकोने मागून शर्ट ओढला. मी पाहिलं होतं ते पाहिलं होतं.

"रेघेवर," मी म्हणालो. "उजव्या पायाचा अंगठा."

दोन गुण. बरोबरी. पाच मिनिटांचा जादा खेळ. पहिल्याच मिनिटात प्रांजलीचा पाचवा फाऊल झाला. उरलेला वेळ ती बाकावर बसून एकटक बघत होती. खेळाकडे नाही, टेबलाकडे. चार गुणांनी हरलो.

इथे थांबलो असतो तर निदान खरं बोलणारा माणूस म्हणून उरलो असतो. पण वानखडे सर पंचांना सहज म्हणाले, "मुलगी आठ दिवसांपासून म्हणते आहे की रेघ लांब आहे."

मला राहवलं नाही. "मोजून घ्या!" मी टेप काढला. खिळ्याच्या जागी शून्य धरायला सरांना बसवलं. गाव गोळा झालं. दोर ताणावा तसा टेप ताणला, रेघेला लावला आणि मोठ्याने वाचलं, "सहा पंच्याहत्तर! सुताचा फरक नाही!"

पंच वाकले. त्यांनी पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "साहेब, हे आतल्या काठापर्यंत झालं. या रेघेचं माप बाहेरच्या काठापर्यंत असतं. ही रेघ दोन गुणांच्या जागेतच धरतात."

"पण कडेची रेघ तर..."

"कडेची बाहेर. ही आत."

म्हणजे माझी अख्खी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तीन गुणांच्या जागेत होती. तिच्यावर नुसता अंगठाच काय, कोणी आडवं झोपून बॉल टाकला असता तरी तीनच गुण झाले असते!

"मग आता?" सरांनी विचारलं.

"आता काही नाही. मैदानाची तक्रार सामन्याआधी करायची असते," पंच म्हणाले. जाता जाता त्यांनी फ्री थ्रोची, म्हणजे फाऊलनंतर मोकळा बॉल टाकायची, रेघही मोजली. तिथेही धुरा बाहेरच होता.

गर्दीतून दादा पुढे आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलला.

"काऊन बे सुध्या? हातभर जमिनीसाठी मले मोजणीत उभं केलं. आता पाच सेंटीमीटरसाठी पोरीले उभं केलं. तुह्या टेपानं घरातलं अजून कोण मोजायचं राह्यलं?"

"दादा, पाय रेघेवर होता हे खरंच..."

"हाव ना! पाय खरा होता. रेघ खोटी होती!"

वेल्डरही आला होता.  त्याने फक्त एकदा आभाळाकडे बघून घेतलं.

घरी येईपर्यंत प्रांजली रडली नाही. ओसरीवर बूट काढताना म्हणाली, "बाबा, सगळं मैदान मले पाहून राह्यलं होतं. तुमी अंगठा पाह्यला."

 बॉल माळ्यावर गेला. नर्सिंगचं पुस्तक खाली आलं. माळ्याखालून जाताना ती वर बघत नाही.

रेघ अजून तशीच आहे. घासून पाहिली, रॉकेलने पुसून पाहिली, दुकानदार दहा वर्षं म्हणाला होता तो खरं बोलला होता. गावातली पोरं आता तिला धुराच म्हणतात. "धुऱ्यावर पाय होता बे तुहा!" असं रोज संध्याकाळी माझ्या ओसरीपर्यंत ऐकू येतं.

मागच्या आठवड्यात सरांचा निरोप आला, सगळ्या रेघा नव्याने आखायच्या आहेत, तेवढा टेप द्या. (तुम्ही येऊ नका, हे त्यांनी वेगळं सांगितलं.) मी घरभर टेप शोधला. शेवटी बायकोला विचारलं.

"सामन्याच्या दिवशीच पोरीनं विहिरीत टाकला," ती म्हणाली. "मीच म्हटलं, टाक."

काढायला हवा. गळ आहे, दोर आहे. पण विहिरीवर पाय ठेवायला दादाची परवानगी लागते. विहीर त्याच्या हद्दीत आहे. मोजणीत तसं निघालं होतं, आणि ते माप तर बरोबरच आहे. मीच केलं होतं!