फरशीची मोटार

सोलापुरात फट म्हणून जी काही चीज असेल ती आमच्या शेजारच्या फरशीवाल्या मामांनी बुजवलेली आहे, हे मी कुठंही छातीठोकपणे सांगेन. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या. सांधा डोळ्यांना दिसला तर त्यांना जेवण जात नसे. आमच्याकडं चहाला आले की कप घेण्याआधी ते जमिनीवरून बोट फिरवतात. एकदा लग्नाच्या पंगतीत त्यांनी ताट बाजूला सारून कार्यालयाची फरशी ठोकून पाहिली. "पोकळ वाजती की वो," त्यांनी यजमानांना सांगितलं, आणि यजमानांचा घास तोंडातच राहिला.

काम संपलं की त्या घरातला एक उरलेला तुकडा मागून आणायचा, ही त्यांची सवय. त्या तुकड्यांची पोती इतकी साठली की मामींना गॅसपर्यंत अंग चोरून जावं लागे. स्वतःच्या घरात मात्र साधा कोबा. मामींनी त्याची तक्रार कधी केली नाही. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. लग्नात त्यांचा थोरला भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला होता, "थापीवाला माझ्या बहिणीला काय मोटारीतनं फिरवणार हाय?" तेव्हापासून मामी केमला माहेरी पॅसेंजरनं जात आल्या. एकदा तरी स्वतःच्या मोटारीनं भावाच्या दारात उतरायचं, एवढंच त्यांना हवं होतं. भाऊ आता फार थकले होते.

शेवटी मामांनी भंगारातून एक जुनी अँबॅसिडर आणून चालती केली. "रंग कशाला? माल घरातच हाय की," म्हणाले आणि टपापासून तुकडे चिकटवायला लागले. बॉनेटवर शहाबादी, दारांवर हिरवी फुलं, दिव्यांभोवती संगमरवराच्या चिपा, बंपरला नळाचे चकचकीत पाइप. लोक येऊन आपापलं घर शोधायचे. "ही आमच्या मोरीची!" असं मी स्वतः भर गल्लीत ओरडले आहे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मामांनी गाडीला एक फेरी मारली आणि त्यांच्या नजरेस लांबलचक फटी पडल्या. लगेच सिमेंटचा मसाला कालवला, फटी भरल्या, वरून तुकडे जुळवले. सकाळी मामी इरकल नेसून, शेंगाचटणीचा डबा घेऊन आल्या, तर एकही दार उघडेना. त्या फटी दारांच्या होत्या, हे मामांच्या ध्यानात तेव्हा आलं.

मागच्या दाराच्या सांध्यावर नेमकी एक पिवळी फरशी बसली होती. ती मामांच्या पहिल्या कामातली, त्यांच्या लग्नाच्या वर्षातली. मामा छन्नी घेऊन उभे राहिले, पण हात उचलेना.

"खिडकीतनं चढतीस का?" त्यांनी हळूच विचारलं.

मामींनी डबा माझ्या हाती दिला आणि छन्नी-हातोडी काढून घेतली. "तुमी गावाची घरं सांभाळा. मला माहेरला जायचं हाय." एका घावात पिवळीचे दोन तुकडे झाले आणि दार उघडलं.

मामा तो काप बघतच राहिले. "लई सरळ तोडलीस की गं!" म्हणाले, आणि पुढचं दार त्यांनी स्वतः मोकळं केलं.

डबा हातात असल्यामुळं मीही गाडीत बसले. कुर्डुवाडीत हवालदारानं अडवलं, गाडीसोबत फोटो काढला आणि जाऊ दिलं. केममध्ये शाळा सुटल्यासारखं गाव गोळा झालं. भाऊ काठी टेकत बाहेर आले. त्यांनी फरश्यांवरून सावकाश हात फिरवला. "एवढी घरं केली व्हय दाजी तुमी?" मग मागचं दार त्यांनी स्वतःच्या हातानं उघडलं. "उतर, बाई." मामी अशा ऐटीत उतरल्या की मला रडूच आलं.

भाऊ मागच्या वर्षी गेले. गाडीही आता हलत नाही. आमच्या मोरीची फरशी आम्ही कधीच बदलली. तिचा उरलेला तुकडा तेवढा त्या गाडीवर आहे. मामी संध्याकाळी मागच्या सीटवर बसून लसूण सोलतात. पावसाचं पाणी मागच्या दाराच्या फटीतून आत जातं, म्हणून परवा मी म्हटलं, "मामा, हा सांधा तरी आता भरून टाका."

मामांनी त्या फटीवरून बोट फिरवलं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तिला कवा जावंसं वाटलं तर?"