शांतवनला आलेलं बोलावणं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बिशपांना नाही. आणि खरं सांगू? प्रार्थनेतसुद्धा नाही. तिथेही मी याच्याभोवती एक फेरी मारतो आणि परत येतो.

गेल्या महिन्यात आमच्या मेथडिस्ट मंडळीची एक पुस्तिका छापून आली. गोंदियातल्या आमच्या देवळात आजवर जे पाळक झाले ते कोण, कुठले, देवाने त्यांना या कामाला कसं बोलावलं – प्रत्येकाचं एकेक पान. एक जण आधी रेल्वेत फिटर होता, एक कुंभाराचा मुलगा. माझंही पान आहे. त्यातलं जन्मगाव खरं आहे. बाकीचं दुसऱ्याचं आहे.

मी मिशनच्या बंगल्यावरच्या खानसाम्याचा मुलगा. वसतिगृहात वाढलो, इंग्रजी वाचायला शिकलो, आवाज बरा होता. पाळक आला की लोक उठून उभे राहतात, हे मी लहानपणी पाहिलं होतं. माझ्या बापाला कुणी ‘बस’ म्हटलेलं कधी पाहिलं नव्हतं. एवढंच. बोलावणं? मला कुणी बोलावलं नव्हतं. मीच दारात जाऊन उभा राहिलो.

शांतवन माझ्याबरोबर पाळक व्हायला शिकत होता. नवेगाव बांधचा, ढिवराचा मुलगा, तलावात मासे धरून मोठा झालेला. अक्षर वाईट, वाचताना अडखळायचा. आम्हा दोघांना खेड्यापाड्यांत सुवार्ता सांगायला पाठवत. एकदा दवनीवाड्याकडे जाताना, भर दुपारी, धानाच्या बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्यावरून चालता चालता मी सहज विचारलं – तू या वाटेला कसा लागलास? आणि त्याने सांगितलं.

मानमोडी तापाच्या साथीत त्याच्या गावात घरचे घरच्यांना हात लावेनात. हा आपल्या डोंग्यातून प्रेतं तलावापलीकडे नेऊन माती द्यायचा. एका झोपडीत भागाबाई नावाची म्हातारी एकटीच पडली होती, अजून जिवंत. ती म्हणाली, “माह्यासाठी काही बोल गा.” काय बोलणार? त्याला देवाचं एक अक्षर येत नव्हतं. तो तिचा हात धरून बसला, आणि ती तशीच गेली – काही न ऐकता. मग हा शब्द शोधायला निघाला. पुढच्या वेळी कुणी मागितलं तर जवळ काही असावं म्हणून. फिरत फिरत आमच्या उपदेशकापाशी पोचला.

“तिनं मांगलं, अन् माह्याजवळ नव्हतं,” तो म्हणाला. “तेच माह्यं बोलावनं.”

पुढे आमची निवड व्हायची होती. सुपरिंटेंडेंट साहेब आणि दोन वडीलधारे पाळक टेबलापलीकडे, आम्ही दोघे एकाच बाकावर. माझे गुण जास्त, म्हणून मला आधी उभं केलं. “देवाने तुम्हाला कसं बोलावलं?” उत्तर मी पाठ केलं होतं – लहानपणापासून ओढ वगैरे. सुरुवात केली, तर समोरचे एक पाळक जांभई देत होते. जांभईवर ढकलत नाही मी – लोक जांभया देतातच. पण मी थांबलो, पुन्हा तोंड उघडलं, आणि भागाबाई बाहेर आली. तलावाची वैनगंगा केली. म्हातारीची माझी आत्या केली. हात तोच, मुकेपण तेच. जांभई देणाऱ्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

मग शांतवन उभा राहिला. “मले सांगता येत नाही, साहेब.” साहेबांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच. माणूस चांगला, पण पाचारण नाही, असं ठरलं. त्याला त्याच्या गावाजवळ शाळामास्तर नेमलं.

बाहेर आल्यावर वाटलं, आता गचांडी धरेल. धरली असती तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, “तिचं नाव काऊन काढून टाकलंस गा? त्या बुढीचं कोनी नव्हतं. नाव तं राहू द्याचं होतं.” आणि स्टेशनच्या वाटेला लागला.

तरुणपणची चूक, तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला तेच म्हणत आलो – आणि वीस-बावीस वर्षं ती गोष्ट सांगत आलो. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, कुठल्या शब्दाला बायका पदर डोळ्यांना लावतात, सगळं मला कळत गेलं.

पण ती चूक नव्हे मला सांगायची. म्हणजे, तेवढीच नव्हे.

पुढे नवे साहेब आले. ते नवेगावकडे दौरा करून आले आणि मला म्हणाले, तिकडे कुणी मरायला टेकलं की गोंड काय, पोवार काय, आधी शांतवन मास्तरांना बोलावतात. त्यांना पाळक का केलं नाही? तुम्ही बरोबर शिकलात, तुमचं मत लिहून द्या. एक ओळ पुरली असती. मी लिहिलं – ‘माणूस प्रामाणिक आहे; परंतु पाचारणाची खूण त्याच्या ठायी मला कधी दिसली नाही.’ ते वाक्य मी दोनदा खोडलं. लाज वाटून नव्हे, भाषा नीट यावी म्हणून. का लिहिलं? तो पाळक झाला असता तर त्यालाही कुणीतरी विचारलं असतं – बोलावणं कसं आलं? हे मला चालणार नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी शांतवन हिवतापाने गेला. दफनविधीला मलाच पाठवलं. कबरीभोवती सगळा गाव होता, त्यात ख्रिस्ती थोडेच. मी पुस्तकातलं वाचलं. चांगलं वाचलं.

नंतर त्याची बायको राहेल पाण्याचा लोटा घेऊन आली. मागे दोन मुली उभ्या.

“भाऊजी, तुम्ही यायच्या संगं शिकले,” ती म्हणाली. “हे या देवाकडे कायले आले, मले कधी सांगितलं नाही. किती डाव विचारलं, तं नुसते चूप. आता पोरी विचारून राहिल्या. तुम्हाले तं सांगितलं असन?”

स्वतःच्या बायकोलाही सांगितलं नाही त्याने. सांगितलं असतं तर मला चोर म्हणायची पाळी त्याच्यावर आली असती. नाहीतर तिने कधी माझा उपदेश ऐकला असता आणि त्यालाच चोर समजली असती. मुली माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. धाकटीचं कपाळ थेट त्याचं.

“नाही,” मी म्हणालो. “मला कधी बोलला नाही.”

“असन,” राहेल म्हणाली. “कमीच बोलत होते.”

मी पाणी प्यायलो, लोटा तिच्या हातात दिला, आणि गाडीत जाऊन बसलो.